दुर्बिणीच्या टोकावरील फिरता कॅमेरा आणि त्याची विद्युत जोडणी : एक विवेचन

प्रस्तावना

वऱ्हाडातील तालुक्याच्या गावीही ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्दप्रयोग आता नवा राहिलेला नाही. पित्ताशयातील खडे, अपेंडिक्स, मूतखडा, जठरातील व्रण अशा अनेक विकारांत रुग्णाचे नातेवाईक स्वतःहून ‘दुर्बिणीने होईल का?’ असे विचारतात. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले, अमरावतीत ते २०२४ मध्ये आले, त्याआधीपासून डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय अमरावतीत कार्यरत आहे. शल्यचिकित्सेची ही पद्धत या भागात रुजली असली, तरी ज्या उपकरणावर ती उभी आहे त्याच्या अंतर्गत रचनेचा विचार अभियांत्रिकीच्या वर्गात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या उपकरणातील एका लहानशा, परंतु निर्णायक भागाचे विवेचन केले आहे. तो भाग म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर फिरणाऱ्या कॅमेऱ्याला वीज पोहोचविणारी आणि त्याच्याकडून चित्रसंकेत परत आणणारी जोडणी होय.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत धमनीला क्लिप लावण्याच्या क्षणी पडद्यावरील चित्र दोन सेकंदांसाठी जरी गेले, तरी त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. शल्यचिकित्सकाला त्या वेळी दुसरा डोळा नसतो. चित्र परत येत नसेल तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. असा दोष कॅमेऱ्याच्या चिपमध्ये निर्माण होण्यापेक्षा तारांत व सांध्यांत निर्माण होण्याची शक्यता अधिक असते, कारण चिप जागची हलत नाही. हलतात त्या तारा.

प्रकाशाची वाट आणि विजेची वाट

शरीराच्या आत पाहण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न जर्मन वैद्य फिलिप बोझिनी यांनी १८०६ मध्ये मेणबत्तीचा प्रकाश वापरून केला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत भिंगे, आरसे व विजेचे दिवे आले. पण दुर्बीण बहुतांशी ताठच राहिली. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबातील नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखविले. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी त्या तत्त्वावर जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण सिद्ध केली. महाराष्ट्रात या विद्येचा पाया घालण्याचे श्रेय डॉ. तेहमटन उदवाडिया यांच्याकडे जाते. त्यांनी मुंबईत १९७२ पासून निदानासाठी उदरदुर्बिणीचा वापर सुरू केला आणि १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली.

या संपूर्ण कालखंडात चित्र प्रकाशाच्या रूपात बाहेर येत असे. कॅमेरा असलाच तर तो डॉक्टरच्या हाताजवळ, नळीच्या बाहेरच्या टोकाला जोडलेला असे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी या चित्रग्राहक चिपचा शोध लागला. १९८३ मध्ये वेल्च अॅलिन या अमेरिकी कंपनीने ही चिप थेट दुर्बिणीच्या टोकावर बसविली आणि प्रकाशाची वाट विजेच्या वाटेत बदलली. आज ही चिप कल्पनातीत लहान झाली आहे. ऑम्निव्हिजन कंपनीच्या २०१९ मधील एका चित्रग्राहकाचे क्षेत्रफळ अवघे ०.५७५ मि.मी. गुणिले ०.५७५ मि.मी. आहे. तो २०० गुणिले २०० बिंदूंचे चित्र सेकंदाला ३० वेळा देतो, त्याला सुमारे २५ मिलीवॅट शक्ती लागते आणि त्याला फक्त चार तारा जोडाव्या लागतात. ज्वारीच्या एका दाण्यावर असे अनेक कॅमेरे मावतील.

या बदलात एक सोय मात्र नकळत हातची गेली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेत ३० अंशांची तिरकी दुर्बीण सर्रास वापरली जाते. तिची दृष्टी नळीच्या अक्षापासून ३० अंशांनी कललेली असते. त्यामुळे कॅमेरा सरळ धरून केवळ दुर्बीण स्वतःभोवती फिरविली, की अवयवाची डावी, उजवी, वरची व खालची बाजू पाहता येते. चित्रातील वर-खाली मात्र बदलत नाही. दुर्बीण आणि कॅमेरा यांमधील हा सांधा कितीही वेळा फिरविला तरी त्याला काही होत नाही, कारण त्यातून फक्त प्रकाश जातो आणि प्रकाशाला पीळ बसत नाही. चिप टोकावर गेल्यावर त्या सांध्यातून तारा जाऊ लागल्या.

पिळाचा प्रश्न

कापसाच्या मुलखात पीळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. चरख्यावर पेळूचे एक टोक बोटांत धरलेले असते व दुसरे टोक चातीबरोबर फिरते. चातीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक धाग्याला एक पीळ बसतो. सूतकताईत हा पीळ हवा असतो, कारण त्यानेच धाग्याला बळ येते. दुर्बिणीत नेमकी हीच रचना असते. तारांचे एक टोक मुठीत स्थिर असते आणि दुसरे टोक कॅमेऱ्याबरोबर फिरते. येथे मात्र प्रत्येक पीळ तारेचे आयुष्य कमी करतो. धागा आणि तार यांत आणखी एक फरक आहे. धाग्याचे तंतू एकमेकांवर सरकतात. तांब्याची तार सरकत नाही, ती ताणली जाते, पुन्हा दबते आणि शेकडो-हजारो आवर्तनांनंतर आतल्या आत तडकते. बाहेरचे वेष्टन शाबूत असल्याने हा दोष डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा एका विशिष्ट कोनात आला की चित्र जाते आणि थोडा हलविला की परत येते, एवढेच लक्षण दिसते. कार्यशाळेत अशी दुर्बीण टेबलावर सरळ ठेवून तपासली तर ती निर्दोष असल्याचे आढळते!

म्हणून रचनाकाराने पहिला प्रश्न विचारावयास हवा तो जोडणी कोणती वापरावी हा नव्हे, तर कॅमेरा किती फिरला पाहिजे हा होय. पाहण्यासाठी फिरणारा कॅमेरा दोन्ही बाजूंना १८०-१८० अंश फिरला तरी त्याला सर्व दिशा दिसतात. अखंड, एकाच दिशेने, न थांबता फिरण्याची गरज निराळ्या उपकरणांत असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडल्या जाणाऱ्या स्वनातीत तपासणीच्या काही नळ्यांत टोकावरील संवेदक मिनिटाला १८०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३०, आणि प्रत्येक फेऱ्यात वाहिनीचा एक आडवा छेद रेखाटतो. या दोन गरजांची गल्लत झाली की जेथे साधी तार पुरेशी असते तेथे महाग व नाजूक सांधा बसविला जातो.

तसेच, कॅमेरा स्वतःच्या दृष्टीच्या अक्षाभोवतीच फिरवावयाचा असेल, तर तो प्रत्यक्ष फिरविण्याची गरजच नाही. पडद्यावरील चित्र गणिताने फिरविता येते. किंवा चिप स्थिर ठेवून तिच्यापुढील तिरका लोलक तेवढा फिरविता येतो. या दुसऱ्या रचनेत ३० अंशांच्या जुन्या दुर्बिणीची सोय परत मिळते आणि फिरत्या सांध्यातून एकही तार जात नाही. जागा असेल तेथे हा मार्ग इतर सर्व मार्गांहून श्रेयस्कर मानावा लागेल.

लांबीचा उपयोग

तारा फिरवाव्याच लागत असतील, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पीळ संपूर्ण लांबीवर पसरू देणे. उदरदुर्बिणीची नळी साधारण ३०० मि.मी. लांब असते. चार बारीक तारांचा जुडगा ०.२५ मि.मी. त्रिज्येचा आहे असे समजू. टोक १८० अंश फिरले, तर जुडग्याच्या पृष्ठभागावरील कातरविकृती म्हणजे त्रिज्या गुणिले रेडियनमधील कोन भागिले लांबी, अर्थात ०.२५ गुणिले ३.१४ भागिले ३००. हे उत्तर सुमारे ०.२६ टक्के येते. सुट्या तारा एकमेकींवर थोड्या सरकू शकत असल्याने प्रत्यक्षात ती याहूनही कमी राहते. मात्र तारा हलू नयेत म्हणून जोडणी करणाऱ्याने टोकापासून ३० मि.मी. अंतरावर गोंदाचा एक थेंब लावला, की पीळ तेवढ्याच लांबीत कोंडला जातो आणि विकृती दहापट होऊन २.६ टक्क्यांवर जाते. एका थेंबाने उपकरणाचे आयुष्य कसे घटते हे या लहानशा आकडेमोडीवरून ध्यानात यावे.

लवचीक दुर्बिणीत मात्र हा उपाय फारसा चालत नाही. आतड्याच्या वळणांतून जाताना तारा नळीच्या आतील भिंतीला घासतात, घर्षणामुळे पीळ मागे सरकत नाही आणि तो टोकाजवळच साचतो.

घड्याळाच्या कमानीसारखी पट्टी

मोटारगाडीच्या सुकाणूचक्रात एअरबॅगला वीज नेण्यासाठी एक गुंडाळलेली चपटी पट्टी असते. चक्र एका बाजूला फिरले की ती आवळते आणि दुसऱ्या बाजूला फिरले की सैल होते. जुन्या मनगटी घड्याळाच्या कमानीसारखीच तिची चाल असते. हीच कल्पना दुर्बिणीच्या टोकाशी उतरविता येते. पॉलिइमाइड या उष्णतारोधक प्लॅस्टिकच्या पातळ थरांमध्ये तांब्याच्या रेषा बसविलेली पट्टी त्यासाठी वापरतात.

येथे थोडे गणित उपयुक्त ठरेल. मधल्या दांड्याची त्रिज्या १.५ मि.मी., बाहेरील कवचाची आतली त्रिज्या ४ मि.मी., पट्टीची लांबी ६० मि.मी. आणि जाडी ०.०५ मि.मी. धरू. पट्टी दांड्यावर पूर्ण आवळली असता तिचे सुमारे ५.८ वेढे होतात. सैल होऊन कवचाला चिकटली असता सुमारे २.४ वेढे होतात. म्हणजे दोन टोकांच्या स्थितींमध्ये जवळपास ३.४ फेरे उपलब्ध होतात. गरज एका फेऱ्याची असल्याने टोकाच्या स्थिती टाळून मधल्या भागातच काम भागविता येते, आणि भागवावेही.

आता तांब्यावरील ताण पाहू. तांब्याचा थर ९ मायक्रॉन जाडीचा व पट्टीच्या जाडीच्या बरोबर मध्यावर असेल, तर पूर्ण सैल ते पूर्ण आवळलेल्या स्थितीपर्यंत त्याच्या कडेवरील विकृतीतील फरक सुमारे ०.१९ टक्के येतो. तोच थर मध्यापासून २० मायक्रॉन सरकला तर फरक ०.८ टक्क्यांच्या पुढे जातो. वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सादेखील नव्हे. पट्टी बनविणाऱ्या कारखान्याला नकाशा देताना तांब्याच्या वर व खाली सारख्याच जाडीचे थर असावेत, हे स्पष्ट लिहिण्याचे कारण हेच आहे. कित्येक वेळा पट्टी लवकर तुटली की जाड तांबे वापरण्याचा मोह होतो. त्याने दोष वाढतो, कारण वाकण्यातील विकृती जाडीच्या प्रमाणात वाढते.

सरकते संपर्क

अखंड फिरण्यासाठी परंपरागत उपाय म्हणजे स्लिप रिंग. जड भार ओढत सुरू होणाऱ्या कारखान्यातील मोटारींत ही कडी व त्यांवर घासणारे कार्बनचे ब्रश वऱ्हाडातील कुठल्याही मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या परिचयाचे आहेत. चौकाचौकांत लावलेल्या फिरत्या घुमटाकार कॅमेऱ्यांतही छोट्या स्लिप रिंग असतात. मात्र बाजारात सहज मिळणाऱ्या अशा रिंगांचा व्यास १२ किंवा २२ मि.मी. च्या आसपास असतो, आणि उदरदुर्बिणीचा संपूर्ण व्यासच १० मि.मी. किंवा ५ मि.मी. असतो. म्हणून येथे सोन्याचा मुलामा दिलेली सूक्ष्म कडी व सोन्याच्या मिश्रधातूच्या तारेचे ब्रश योजावे लागतात.

सरकत्या संपर्काचा खरा दोष त्याचा रोध अधिक असणे हा नसून तो फिरताना बदलत राहणे हा आहे. कॅमेऱ्याची शक्ती २५ मिलीवॅट व दाब ३.३ व्होल्ट धरल्यास प्रवाह सुमारे ७.६ मिलिअँपिअर होतो. घाण किंवा झीज यांमुळे एका संपर्काचा रोध फिरताना १ ओहमने वर-खाली झाला, तर तेथील दाब ७.६ मिलिव्होल्टने हलतो. चित्रसंकेत १ व्होल्टचा असेल व त्याच्या २५६ पायऱ्या केल्या असतील, तर एक पायरी ३.९ मिलिव्होल्टची होते. म्हणजे वीज आणि चित्र यांची परतीची तार एकच असेल, तर केवळ या बदलाने चित्र दोन पायऱ्यांनी लुकलुकेल. त्यावर उपाय साधे आहेत: परतीच्या मार्गाला दोन ब्रश द्यावेत, फिरत्या बाजूलाच एक लहान धारित्र बसवावे, आणि शक्य असल्यास चित्रसंकेत टोकावरच अंकीय करून दोन तारांवर परस्परविरुद्ध रूपात पाठवावा. कड्यांमधील अंतर काही दशांश मि.मी. एवढेच असल्याने झिजलेल्या सोन्याची धूळ शेजारच्या दोन कड्यांना जोडणार नाही, हेही पाहावे लागते.

स्पर्शाविना जोडणी

व्हिडिओ कॅसेटचा काळ आठवणाऱ्यांच्या घरी या समस्येचे एक उत्तम उत्तर वर्षानुवर्षे पडून होते. त्या यंत्रातील चकचकीत ढोल आपल्या पद्धतीच्या दूरदर्शन संकेतांसाठी मिनिटाला १५०० फेरे घेत असे. त्यावरील चुंबकीय शीर्षांकडून येणारा संकेत कुठलाही ब्रश न घासता, समोरासमोर ठेवलेल्या दोन वेटोळ्यांमधून स्थिर भागाकडे जाई. हा फिरता ट्रान्सफॉर्मर होय. रक्तवाहिनीतील नळ्यांच्या चालक यंत्रातही हे तत्त्व वापरले जाते.

कॅमेऱ्यासाठी मात्र दोन अडचणी येतात. ट्रान्सफॉर्मरमधून एकदिश वीज जात नाही; म्हणून वीज उच्च वारंवारतेने पाठवून फिरत्या बाजूला तिचे पुन्हा एकदिशीकरण करावे लागते. दुसरे असे की, साध्या चित्रसंकेतात अगदी कमी वारंवारतेचे घटकही असतात. ते लहान वेटोळ्यांतून पार होत नाहीत, म्हणून संकेत आधी उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर चढवावा लागतो. चित्र विजेऐवजी प्रकाशाने, म्हणजे फिरण्याच्या नेमक्या अक्षावर ठेवलेल्या प्रकाशदीपाकडून समोरच्या प्रकाशग्राहकाकडे पाठविता येते, आणि वीज तेवढी वेटोळ्यांतून देता येते. ही रचना देखणी आहे. तिची किंमत जिल्हा रुग्णालयाला पेलेल अशी मात्र नाही.

याच संदर्भात रक्तपेढीतील एका यंत्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दात्याच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करणाऱ्या काही यंत्रांत रक्ताची नळी स्थिर पिशवीपासून थेट फिरत्या पात्रात जाते, मध्ये कुठलाही फिरता सांधा नसतो, आणि तरीही नळीला पीळ बसत नाही. नळीचा वेढा पात्राच्या निम्म्या वेगाने पात्राभोवती फिरविला की पडलेला पीळ प्रत्येक दोन फेऱ्यांत आपोआप सुटतो. डेल अॅडम्स यांनी या युक्तीचे अमेरिकी पेटंट १९७१ मध्ये मिळविले. तारांनाही ती लागू पडते. पण वेढा फिरण्यासाठी पात्राच्या भोवती मोकळी जागा लागते, आणि दुर्बिणीच्या टोकाशी जागेचीच वानवा असते.

सुरक्षा, निर्जंतुकीकरण आणि दुरुस्ती

टोकावरचे हे उपकरण रुग्णाच्या शरीरात असते, त्यामुळे गळती प्रवाहाचे बंधन कडक आहे. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या भागासाठी सामान्य स्थितीतील मर्यादा १० मायक्रोअँपिअर, तर इतर शरीराशी जोडल्या जाणाऱ्या विलग भागासाठी १०० मायक्रोअँपिअर आहे. शिवाय शेजारीच उच्च वारंवारतेच्या विजेने ऊती जाळण्याचे म्हणजे कॉटरीचे काम चालू असते. तिची वारंवारता काही लाख हर्ट्झ असते व दाब शेकडो-हजारो व्होल्टपर्यंत जातो. दुर्बिणीतील तारा एकमेकींभोवती पिळलेल्या व आवरणयुक्त नसतील, तर कॉटरी दाबताक्षणी पडद्यावर पांढरे पट्टे उमटतात. तेव्हा ज्या पिळाशी रचनाकार एरवी झगडतो, तोच पीळ येथे उपयोगी पडतो.

निर्जंतुकीकरण ही याहून कठोर परीक्षा आहे. १३४ अंश सेल्सिअसची दाबयुक्त वाफ गोंदाच्या व रबरी कड्यांच्या सूक्ष्म फटींतून आत शिरते. ती थंड होऊन पाणी झाले की कड्यांवर पातळ थर बसतो, गळती वाढते आणि भिंगावर धुके येते. ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात उपकरण बुडवून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती उष्णतेच्या दृष्टीने सौम्य असली तरी फिरत्या दांड्याभोवतीचे रबर तिथेही ओले होतेच. म्हणून फिरणारा भाग द्रवाच्या संपर्कात येऊच नये, अशी रचना अधिक टिकाऊ ठरते. टोकावर पारदर्शक स्थिर घुमट बसवून त्याच्या आत कॅमेरा फिरविला, की फिरत्या सांध्याला पाणी रोखण्याचे कामच उरत नाही.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हेही लक्षात घ्यावे लागते. वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात त्याचा उपद्रव नसला, तरी उपकरण गोदामात किंवा वाहतुकीत असताना सांध्यातील वंगण पातळ होऊन कड्यांवर पसरू शकते. दुरुस्तीसाठी उपकरण मोठ्या शहरात पाठविल्यास ते परत येईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात. या दृष्टीने, टोकाचा भाग एका लहान जोडखुंटीने वेगळा करता येईल आणि पट्टी वा तारांचा जुडगा तेवढाच बदलता येईल, अशी रचना आपल्याकडे अधिक उपयुक्त आहे. जोडखुंटीमुळे दोन-तीन मि.मी. लांबी वाढते, हे मान्य करूनही.

अमरावती, बडनेरा, अकोला व शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना या विषयात हात घालण्यासाठी महाग चिपची गरज नाही. एक स्टेपर मोटार, १० मि.मी. आतील व्यासाची नळी, पट्टीचे चार-पाच नमुने आणि रोध नोंदविणारे यंत्र एवढ्यावर आयुर्मान चाचणीचा संच उभा राहतो. नमुना दोन्ही बाजूंना १८० अंश फिरवीत ठेवावा आणि रोध सतत नोंदवावा. फिरणे थांबवून मोजलेला रोध फसवा असतो, कारण तडकलेली तार थांबल्यावर पुन्हा टेकते. रोधात एक मायक्रोसेकंदाची झेप आली तरी ती पकडली गेली पाहिजे. दर पाचशे आवर्तनांनंतर नमुना वाफेत ठेवून पुन्हा फिरवावा. कोरड्या नमुन्याने गाठलेला आकडा ओल्या नमुन्याला गाठता येतो का, हे त्या टप्प्यावर कळू लागते.